हळू आवाजाची किंमत

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका दोन काळांतल्या आहेत. पहिल्या १९०५च्या, दुसऱ्या १९३०च्या दशकाच्या मध्यातल्या. खाँसाहेब १८७२ साली कैरान्यात जन्मले, पुढे मिरजेचे झाले आणि १९३७ साली ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात कायमचे विसावले. दोन्ही काळांतल्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकल्या तर गायक एकच असूनही नंतरच्या गाण्यात ते आपल्या जवळ बसलेत असं वाटतं. वय आणि शैली यांचा वाटा त्यात आहेच. पण एक मोठं कारण गळ्याबाहेरचं आहे. १९०५ साली गायकासमोर कर्णा होता. नंतर तिथे माइक आला.

कर्ण्याच्या ध्वनिमुद्रणात विजेचा संबंधच नव्हता. आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. कोरण्याची सगळी ताकद गायकाच्या छातीतून यायची. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी फ्रेड गेसबर्गसमोर गायलं, तेही असंच. कर्ण्यात तोंड घालून, जोर लावून. ज्याचा आवाज नाजूक, ज्याची गायकी दबक्या सुरांची, त्याला हे यंत्र अनुकूल नव्हतं. इतिहासात कुणाचा आवाज उरेल हे काही अंशी फुफ्फुसांच्या जोरावर ठरत होतं.

१९२५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या तंत्राने विद्युत ध्वनिमुद्रण बाजारात आलं. माइक आवाजाचं विजेत रूपांतर करतो, पण ती वीज फार क्षीण असते. साध्या डायनॅमिक माइकसमोर कुणी बेताच्या आवाजात बोललं तर हाती येतो मिलीव्होल्टचा अंश. तेवढ्याने कोरणारी सुई हलत नाही. ती वीज आधी शेकडो-हजारो पट वाढवावी लागते, आणि वाढवताना तिच्यात खरखर मिसळू द्यायची नसते. हे काम करतो तो प्रीअँप. आधी ते निर्वात नळ्यांवर चालायचं, पुढे ट्रान्झिस्टरवर. म्हणून माझ्या मते हळू आवाजाला ध्वनिमुद्रणाचं दार एकट्या माइकने नाही, तर माइक आणि प्रीअँप या जोडीने उघडलं.

पण दार उघडलं ते स्टुडिओचं. चांगला प्रीअँप दीर्घकाळ अवजड आणि महागड्या कन्सोलचाच भाग राहिला. १९७० साली रूपर्ट नीव यांनी १०७३ हे मॉड्यूल बनवलं. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आवाजाला येणाऱ्या रंगाची आख्यायिका आजही सांगितली जाते आणि त्या आख्यायिकेची किंमतही मोजावी लागते. नीव यांनीच १९८५ साली फोकसराइट ही कंपनी काढली. सुरुवातीचं काम होतं जॉर्ज मार्टिन यांच्या माँटसेराट बेटावरच्या एअर स्टुडिओसाठी प्रीअँपची मॉड्यूल्स बनवणं. त्याच फोकसराइटची स्कार्लेट ही घरगुती इंटरफेसची मालिका २०११ साली आली. आता नीव त्या कंपनीत नव्हते, पण जिथे कधीकाळी सर मार्टिन यांच्या स्टुडिओची मागणी पुरी होत होती, तिथूनच कॉलेजच्या पोरांसाठी पेटी निघू लागली.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. कमी खरखर करणाऱ्या चिपा स्वस्त झाल्या, आणि १९७९ साली टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ हे कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं यंत्र निघालं. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२चा 'नेब्रास्का' हा अल्बम अशाच यंत्रावर, भाड्याच्या घरातल्या खोलीत मुद्रित झाला. घरातलं मुद्रण म्हणजे कच्चं मुद्रण, ही समजूत तिथे ढिली पडली.

मग आज प्रीअँप निवडताना काय बघायचं? पहिला आकडा गेनचा. शूअरच्या एसएम७बीसारख्या अशक्त सिग्नलच्या माइकला किमान ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे व्होल्टेज हजारपट. स्वस्त इंटरफेस इथे कधी कधी कमी पडतात. कंडेन्सर माइकचा सिग्नल तगडा असतो, त्याला कमी गेन पुरतो. मात्र ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा हवा. दुसरा आकडा इनपुटच्या खरखरीचा, इआयएन नावाने लिहिलेला. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ सालीच दाखवलं की प्रत्येक रोध उष्णतेमुळे स्वतःच थोडी खरखर करतो. १५० ओहमच्या माइकसाठी ही हद्द सुमारे उणे १३१ डीबीयू आहे. तिच्या खाली कुठलाही पैसा जाऊ शकत नाही. आजच्या बऱ्याच स्वस्त इंटरफेसच्या माहितीपत्रकात हा आकडा उणे १२७-१२८च्या आसपास दिसतो. निसर्गाच्या भिंतीपासून तीन-चार डेसिबल. त्या तीन-चारांसाठी लाखभर मोजायचे का, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

मी हा हिशोब करतोय कारण आमच्या घरांतली हळदीची, मेंदीची, बिदाईची दखनी गाणी ज्यांना पाठ आहेत त्या खाला आणि फुफी आता सत्तरीपुढच्या आहेत. त्या स्टुडिओत जाणार नाहीत. गेल्याच तर काचेपलीकडच्या अनोळखी माणसासमोर गाणार नाहीत. गातील त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून, एकमेकींना ओळ आठवून देत, ओढणीआडून, हळूच. लिहून घेतलेल्या शब्दांत चाल राहत नाही. आमच्या समाजाचा इतिहास सांगताना तख्त, लढाया आणि फर्मानं पुष्कळ निघतात. बायांचे आवाज कागदपत्रांत सापडत नाहीत. ते एका वृद्धेच्या श्वासाइतकेच टिकतात.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. दोन माइकचं, फँटम असलेलं, ६० डेसिबलच्या आसपास गेन देणारं साधं इंटरफेस घ्या. उरलेले पैसे माइकवर घाला. पंखा बंद करा, फ्रिजचं बटण काढा, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. खोलीचा आवाज बहुतेक वेळा प्रीअँपच्या खरखरीपेक्षा मोठा असतो. आणि माइक जवळ न्या. अंतर निम्मं केलं की साधारण सहा डेसिबल मिळतात, म्हणजे व्होल्टेज दुप्पट, तेही फुकट. ओढणी घासणार नाही इतक्या बेताने एका वितीवर ठेवा.

आणि नीवच्या मॉड्यूलसाठी पैसे साठेपर्यंत थांबू नका. मॉड्यूल पुढच्या वर्षीही दुकानात मिळेल.