ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड: झाडीपट्टीच्या साथीची कुळकथा

दिवाळी झाली की वडशात नाटकांच्या पोस्टरांचा हंगाम सुरू होतो. वर नायक-नायिकांचे फोटो, मध्ये ठसठशीत अक्षरांत नाटकाचे नाव, आणि पार खाली लहान टायपात साथसंगत: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही. पण त्या ओळीतला पहिला शब्द पॅरिसहून निघाला आणि तिसरा जपानहून. दोघांच्या जन्मात जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे. गडचिरोलीच्या एका तालुक्याच्या गावी ते तबल्याच्या दोन बाजूंना येऊन बसले, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. धान घरात आले की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होतो, लेकी-जावई, सोयरे घरी येतात आणि रात्री नाटक लागते. दिवाळीपासून होळीपर्यंत हा क्रम चालतो. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे, बुकिंग तिथे, कलाकारांची जमवाजमव तिथे. प्रयोग मात्र खेड्यात, मोकळ्या शेतात, कापडी आडोशाच्या आत. रात्री नऊ-दहाला सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि हजारोंचा जमाव ते पाहतो. या साथीचे पुढे जे झाले, ते या तीन गोष्टींमुळे: मोकळे शेत, थंडीची रात्र आणि हजारो माणसे.

या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत या लोककला आहेत. दोन्हींत गाणे, नाच आणि बोलणे एकमेकांत मिसळलेले. साथीला ढोलकी, टाळ अशी हाताने उचलून न्यायची, उभ्याने वाजवायची वाद्ये. स्वर धरायचा तो गळ्याने. पेटी तिथे मागाहून आली, आणि ती आली संगीत नाटकाबरोबर.

पेटीचे कूळ असे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ या वाद्यकाराने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. भात्याची हवा पितळेच्या पातळ जिभेवरून गेली की ती कंप पावते आणि स्वर निघतो, एवढेच त्याचे तत्त्व. युरोपात ही पायाने हवा भरायची, खुर्चीवर बसून वाजवायची पेटी होती. मिशनरी आणि साहेबलोक ती भारतात घेऊन आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असे रूप दिले, आणि पेटी भारतीय झाली. पायपेटीची दुसरी जात, भात्याने हवा आत ओढून घेणारी, ती आपल्याकडे ऑर्गन म्हणून रुजली. तिचा आवाज भरदार, सलग आणि गोल. दोन्ही पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाला नाट्यपदांचे वेड लागले. पुढे गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनची साथ आणि अहमदजान थिरकवाँचा तबला ही श्रीमंतीची खूण ठरली. त्याच कंपनीने १९१९ मध्ये आणलेले गडकऱ्यांचे 'एकच प्याला' झाडीपट्टीतही खेळले गेले. पुण्या-मुंबईत बोलपट आल्यावर संगीत नाटक ओसरले आणि ऑर्गन कोपऱ्यात गेला. इकडे जंगलात तो वाजत राहिला. आजही झाडीपट्टीत सामाजिक नाटकाच्या नावामागे 'संगीत' लावलेले दिसते, आणि बापाच्या कर्जाच्या प्रसंगातही पद येते. ज्यांना ही जुनाट रंगभूमी वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मराठी संगीत नाटकाची सलग, रोजच्या पोटापाण्याशी बांधलेली परंपरा राज्यात जिथे टिकली त्या थोड्या जागांत ही आहे.

पेटीवर तेव्हाही आक्षेप होतेच. तिचे बारा स्वर ठोकून बसवलेले, त्यांत श्रुती नाही, मींड नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतीची पेटी घडवण्याचा खटाटोप केला. आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षे पेटीला दाराबाहेर ठेवले. म्हणजे आज कीबोर्डने आपले सूर बिघडवले अशी जी तक्रार ऐकू येते, ती ऑर्गनविरुद्ध शंभर वर्षांपूर्वीच करून झाली आहे. कीबोर्ड त्याच बारा पट्ट्यांचा वारस आहे. फरक एवढाच की पितळेची जीभ गेली आणि तिच्या जागी विजेचा स्पंद आला.

आता थंडीच्या रात्रीकडे येऊ. डिसेंबरात धानाच्या बांधीत दव उतरते. तबल्याची पुडी ओलावा ओढते, सैल पडते आणि तबला उतरतो. वादक हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो, दोन पदांनंतर पुन्हा ठोकतो. त्यात नायक काळी एकमध्ये गाणारा आणि नायिका काळी चारमध्ये. एक तबला दोन्हींना पुरत नाही, दुसरा लावून ठेवावा लागतो. ऑर्गन अंगाने जड, तो मेटॅडोरमध्ये चढवायचा-उतरवायचा, आणि खड्ड्यांच्या रस्त्याने रोज नव्या गावी न्यायचा. धक्क्याने जिभा हलतात, उंदीर भाता कुरतडतात. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत हे सगळे पोचवायला त्यांच्यापुढे माईक ठेवावा, तर तो टाळ्या आणि वारा दोन्ही ओढतो. कोणी फॅशन म्हणून इलेक्ट्रॉनिक वाद्य उचलले असे म्हणणाऱ्याने ही रात्र एकदा वादकांच्या शेजारी काढावी.

या रात्रीला पुरे पडेल असे वाद्य तिकडे जगात तयार होत होते. गणकयंत्रे बनवणाऱ्या कॅसिओने १९८० मध्ये पहिला कॅसिओटोन कीबोर्ड काढला. तो हलका होता, तुलनेने स्वस्त होता, आणि आपल्याकडे गावोगाव कोणत्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणू लागले. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' ही सामाईक पद्धत आली. तिच्यामागे जपानच्या रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ होते. दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले. मग १९८५ मध्ये रोलंडने आठ रबरी चौकोनांचा एक पाट काढला, त्याचे नाव ऑक्टापॅड. आपण त्याला ऑक्टोपॅड करून घेतले.

त्याचे काम समजून घेण्याजोगे आहे. रबराखाली दाब ओळखणारा तुकडा असतो. काठी पडली की किती जोराने पडली हे तो विजेच्या धक्क्यातून सांगतो, यंत्र त्याचा आकडा करते, आणि त्या आकड्याप्रमाणे आवाज निघतो. पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त आकडा पाठवायचा, आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. पुढच्या पिढ्यांत आवाज पोटातच साठवले गेले: ड्रम, काँगो, ढोलक, तबला. नव्वदच्या दशकाअखेरचे 'एसपीडी-२०' हे यंत्र भारतातल्या ऑर्केस्ट्रांनी अक्षरशः आपले केले. एका माणसाच्या आठ चौकोनांत अख्खा तालवाद्यांचा ताफा आला. दव पडले तरी रबर उतरत नाही, आणि वायर सरळ स्पीकरला जाते.

मिडी आली त्याच १९८३ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. इंग्लंडच्या शेफिल्ड या पोलादाच्या शहरात 'कॅबरे व्होल्तेर' नावाच्या बँडने आपला रस्ता बदलला. टेपचे तुकडे, गोंगाट, यंत्रांची घरघर यांतून हे लोक करत त्या संगीताच्या जातीला इंडस्ट्रियल म्हणतात. त्या वर्षीच्या 'द क्रॅकडाउन'पासून ते सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या नाचऱ्या ठेक्याकडे वळले. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क'ने १९७४ मध्येच हे वळण घेतले होते, आणि त्यांच्यातला फ्लोरियान श्नायडर मुळात बासरी वाजवणारा. कारखान्यांच्या गावातल्या त्या तरुणांना यंत्रासारखे वाजायचे होते. चंद्रपूरही कोळशाचे, विजेचे, सिमेंटचे शहर, शेजारी बल्लारपूरला कागदाची गिरणी. पण इथल्या वादकाने यंत्र हातात घेतले ते त्याच्याकडून ढोलकी वाजवून घ्यायला. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जागतिक इतिहासात या दुसऱ्या वाटेची नोंद क्वचितच सापडते. माझ्या मते ती पहिलीइतकीच मोलाची आहे, कारण जगातल्या बहुसंख्य माणसांपर्यंत हे संगीत याच वाटेने पोचले: लग्नातून, जत्रेतून, नाटकातून.

झाडीपट्टीत ही वाद्ये ऑर्केस्ट्रांच्या मार्गाने शिरली. शहरांतून हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरत. प्रेक्षकांचा कान त्या ठेक्याला सरावला. नाटकात अंकांच्या मध्ये नाच-गाणी असतात, लावणी असते, सिनेमाच्या चालीवरची गाणी असतात. ती एकट्या ऑर्गन-तबल्यावर फिकी वाटू लागली. आधी ऑक्टोपॅड नाचापुरता आला असेल, पण नाटकाने त्याला लवकरच आणखी कामे लावली. विजेचा कडकडाट, मारामारीचा ठोसा, खलनायकाची एंट्री, विनोदी नटाचे घसरून पडणे, हे सगळे आता काठीच्या टोकावर आले. आणि यात झाडीपट्टीच्या वादकाचे खरे कौशल्य दिसते. तो मंचाकडे तोंड करून बसतो. नट वाक्य कुठे तोडणार, आज कुठे लांबवणार, प्रेक्षक हसले तर किती थांबणार, हे ओळखून तो वाजवतो. हंगामात रोज नाटक, तालमी मोजक्या, आणि नटाला संवाद आठवण करून द्यायला प्रॉम्प्टर असतो. अशा नाटकात काहीच ठरल्याप्रमाणे होत नाही. यंत्र जपानी असले तरी त्याचा ठोका नटाच्या श्वासावर पडतो.

गमावले काय, तेही नीट सांगायला हवे. ऑर्गनवाल्याला बाराही पट्ट्यांत बोटे फिरवता यावी लागत, कारण गायकाची पट्टी तो ठरवू शकत नव्हता. कीबोर्डवर ट्रान्सपोजचे बटण असते. बोटे एकाच पट्टीत फिरतात आणि यंत्र स्वर उचलून देते. नव्या मुलाला हे शिक्षण लागत नाही, म्हणून ते कोणी देतही नाही. भात्याचा श्वास गेला. ऑर्गनवर पायाच्या दाबाने स्वर फुगवता, मिटवता येतो, विलापाच्या पदात ते काळजाला भिडते. साध्या कीबोर्डवर आवाज त्या रीतीने वाढत नाही. तबलजीची जागाही आकसली. एक ऑक्टोपॅड तीन माणसांचे काम करतो असे कौतुकाने म्हणतात, तेव्हा उरलेल्या दोघांच्या हंगामाच्या कमाईचे काय झाले हा प्रश्न विचारला पाहिजे. पुष्कळ कंपन्यांनी तबला काढला नाही, ऑक्टोपॅडच्या शेजारी ठेवला, हे मला फार मोलाचे वाटते. पदाला तबला, नाचाला पॅड, अशी वाटणी त्यांनी कोणत्याही शास्त्राशिवाय, कानाने केली.

खरा धोका माझ्या मते कीबोर्ड किंवा पॅड नाही. तो पेन ड्राइव्ह आहे. नृत्याच्या कार्यक्रमांत सगळीकडे तयार ट्रॅक लावण्याची रीत पडली आहे, आणि ती स्वस्त आहे. तयार ट्रॅक नटासाठी थांबत नाही. तो आला की मंचाकडे पाहणारा माणूस उठतो, आणि मग झाडीपट्टीचे नाटक उघड्यावर दाखवलेली मालिका होईल.

परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या नटाकडे देशाने पहिल्यांदा नीट पाहिले. वादकांच्या वाट्याला अजून पोस्टरची शेवटची ओळच आहे. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि तिथल्या लोककला कागदावर आणल्या. साथीच्या संगीताचे तसे काम व्हायला हवे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याने वडशातल्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्यांना आणि तबलजींना बसवून त्यांची पदे, चाली, पट्ट्या बदलण्याच्या युक्त्या ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि पॅड वाजवणाऱ्या तरुणांचेही काम त्याच संग्रहात ठेवावे. वाचकांना एवढेच सांगणे की येत्या दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या बाजूला गेलात तर तिकीट काढून नाटकाला बसा, पुढच्या रांगेत जागा धरा, आणि सुटताना वादकांची नावे विचारून घ्या.