पिशवी तपासली, माणसाचं काय?

भिलाईच्या कोहक्यात कुणी रक्त दिलं, की त्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. या नियमामागे मोठा इतिहास आहे. १९८६मध्ये मद्रासला एचआयव्ही आढळला, १९९२मध्ये 'नॅको' स्थापन झाली. तरी रक्त विकलं जातच होतं. १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १९९८पासून रक्तविक्रीवर बंदी आली.

रक्त सुरक्षित झालं. पण ज्याच्या रक्तात विषाणू सापडला, त्याचं काय? एचआयव्हीबाधितांना सरकारी मोफत औषधं २००४पासून मिळू लागली. हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम मात्र २८ जुलै २०१८ला आला. दोन्ही विषाणू एकाच सुईतून पसरतात. सरकारदरबारी त्यांच्यात चौदा वर्षांचं अंतर पडलं.