जुन्या खेळांचा जीर्णोद्धार

कॉम्प्युटरवरच्या खेळांविषयी इतिहासाच्या प्राध्यापकाने बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे रेंगाळला. पाथर्डी तालुक्यातला मुलगा. आईवडील ऊसतोडीला जातात, हा इथे नगरला खोली घेऊन राहतो. सुट्टीत एका दुकानात काम करून त्याने थोडे पैसे गाठीला बांधले होते. तो म्हणाला, "सर, लहानपणी चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर 'व्हाइस सिटी' खेळायचो. आता तोच खेळ नवा करून विकायला आलाय. घेऊ का? का पैसे पाण्यात जातील?"

मी त्याला म्हटले, "थांब, मला जरा बघू दे." आणि बघता बघता मी त्यात गुंतलो. कारण प्रश्न खेळाचा दिसत असला तरी तो माझ्याच विषयातला निघाला. जुनी वस्तू नवी करताना ती जुनी राहते का, आणि जिच्यासाठी आपण दाम मोजतो ती नेमकी कोणती, हे आम्ही इतिहासवाले पोथ्यांच्या आणि वाड्यांच्या बाबतीत रोजच विचारत असतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. जुन्या वाड्याचे खांब, तुळया, चौक तसेच ठेवून गिलावा नवा केला, दिवे लावले, रंग दिला, तर त्याला या धंद्यात 'रिमास्टर' म्हणतात. वाडा जोत्यापर्यंत उतरवून त्याच नकाशावर नवा उभा केला, तर तो 'रिमेक'. आपल्याकडे दोन्हींना मिळून एकच शब्द आहे, जीर्णोद्धार. आणि तो आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. जिच्या नावाने हा जिल्हा आता ओळखला जातो ती अहिल्यादेवी १७२५ साली आपल्याच चौंडीला जन्मली, आणि काशीविश्वेश्वराचे देऊळ तिने १७८० साली पुन्हा उभे केले. पण देवळाचे एक बरे असते. दगड नवे असले तरी आत जाऊन करायचे ते तेच असते. खेळाचे तसे नाही. खेळात हाताला काय जाणवते, उडी किती लांब जाते, चूक झाली तर काय होते, हाच देव. तो हलला की बाकी नुसता सभामंडप उरतो.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी कॉम्प्युटर प्रथम पाहिला तो शाळेत किंवा क्लासमध्ये, आणि त्यावर पहिला खेळ पाहिला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. पांढऱ्या कपड्यांतला एक राजपुत्र तळघरातून धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, आणि साठ मिनिटांच्या आत त्याला राजकन्येला सोडवायचे असते. आमच्याकडे फ्लॉपी होती ती कोणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवलेली. खेळाबरोबर येणारी पुस्तिका कुठून असणार? एका दालनात पुष्कळ औषधांच्या कुप्या मांडलेल्या असत, प्रत्येकीवर एक अक्षर. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या शब्दाचे पहिले अक्षर पाहून तीच कुपी प्यायची, चुकीच्या पीत राहिलात तर मेलात. विकत न घेणाऱ्याला अडवण्याची ती युक्ती होती. आम्ही अंदाजाने पीत असू आणि मरत असू. चोरीची शिक्षा इतक्या लगेच मिळण्याचा तो माझा पहिला अनुभव.

हा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला आणि तो १९८९ साली 'ॲपल टू' या यंत्रासाठी निघाला. आपल्या धाकट्या भावाला त्याने पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले, आणि एकेक चित्र गिरवून त्यातून राजपुत्राची चाल काढली. म्हणून तो राजपुत्र बाहुलीसारखा न चालता माणसासारखा चालतो, कडेला लोंबकळतो, धापकन पडतो. यंत्राची स्मरणशक्ती मात्र फार थोडी. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली आणि शत्रूची नवी चित्रे ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे पुन्हा वापरून त्याची एक छाया तयार केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि पलीकडून त्याची छाया निघून जाते. पुढे ती त्याला छळते, आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की घाव आपल्यालाच लागतो. त्या खेळातले सर्वांत चांगले पात्र हेच, आणि ते जन्माला आले टंचाईतून. दुष्काळी भागातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

आता विचार करा. आजच्या यंत्रांना जागेची टंचाई नाही. आज कोणी तोच खेळ पहिल्यापासून बांधायला बसला, तर त्याला छाया सुचेल का? शत्रूंची वीस सुंदर चित्रे काढेल आणि मोकळा होईल. जुन्या खेळातली अडचण ही पुष्कळदा त्या खेळाची घडण असते, आणि नवे करणारा तीच आधी दूर करायला धावतो.

या राजपुत्राचा धागा पुढे थेट पुण्यापर्यंत येतो. २००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियलच्या शाखेने त्याचा एक नवा खेळ काढला, 'द सँड्स ऑफ टाइम'. त्याची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने होते आणि नायिका त्या महाराजाचीच मुलगी. त्यात एक जादूचा खंजीर आहे. उडी चुकली की वेळ थोडी मागे फिरवायची आणि पुन्हा उडी मारायची. (परीक्षेत अशी सोय नसते, एवढे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.) या कंपनीची शाखा पुण्याला २००८ साली आणि मुंबईला २०१८ साली झाली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, की 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक पुणे आणि मुंबईची मंडळी करीत आहेत. आपल्या मुलांच्या हाती एवढ्या नावाजलेल्या खेळाचा जीर्णोद्धार! मला खरेच अभिमान वाटला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. नमुन्याची फीत पाहून जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली. चेहरे जुनाट दिसतात, असे त्यांचे म्हणणे. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला नेले. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ते सारेच रद्द केले. इतक्या वर्षांचे कष्ट, आणि खेळणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच आले नाही.

पुण्याच्या मुलांना नावे ठेवणे सोपे आहे, मी ठेवणार नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी अडचण अशी, की लोक नव्याची तुलना जुन्याशी करीत नाहीत, जुन्याच्या आठवणीशी करतात. आठवणीतला खेळ हा नेहमीच मूळ खेळापेक्षा देखणा असतो. २००३ चा खेळ आज उघडून पाहा, त्यातले चेहरेही लाकडीच आहेत. पण आठवण त्यांना रंग देत राहते, आणि आठवणीला हरवणारा कारागीर अजून जन्माला यायचा आहे. त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की मूळ खेळ विकत मिळायचा थांबलेला नाही.

आता आपल्या नेवाशाकडे वळू. प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या नकलांवर नकला होत गेल्या, कोणाचा शब्द चुकला, कोणी आपली ओवी मध्ये घुसडली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी. मनात आणते तर चार ओव्या जास्त गोड करून देते. पण त्यांनी पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवले, की यात कोणी पदरची ओवी घालू नये. माझ्या मते रिमास्टर करणाऱ्याला याहून चांगला नियम कोणी सांगितलेला नाही. धूळ पुसा, पदरचे घालू नका. आणि यालाही एक पुरवणी आहे. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापून काढली आणि पंडितांना तुलनेसाठी दुसरा पाठ मिळाला. शुद्ध प्रत कितीही चांगली असो, जुनी प्रत फेकून द्यायची नसते.

माझ्या विद्यार्थ्याला हवा असलेला खेळ नेमका इथे घसरला. 'व्हाइस सिटी' मूळचा २००२ चा. त्याच्या मागचा आणि पुढचा असे तीन खेळ एकत्र करून नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात आणले. त्याच्या आधीच जुने तिन्ही खेळ कंपनीने ऑनलाइन विक्रीतून काढून टाकले होते. म्हणजे नवी पोथी यायच्या आधीच जुनी विहिरीत! नवे आले ते दोषांसकट. पाऊस असा जाड पडे की पुढचे दिसेना. जुन्या बारीक चित्रांचे मोठे रूप करायचे काम यंत्राकडून करून घेतलेले, त्यामुळे पाट्यांवरची अक्षरे बिघडलेली. एका खेळात डोनटचे दुकान आहे. डोनट म्हणजे आपल्या मेदूवड्यासारखा मध्ये भोक असलेला गोड पदार्थ. दुकानाच्या नावात 'नट' हा शब्द, म्हणून जुन्या खेळात दुकानावर बोल्टचा सहाकोनी नट लावलेला होता. सगळी गंमत त्या सहा कोपऱ्यांत. नव्या खेळात ते कोपरे घासून गोल झाले. चित्र गुळगुळीत झाले आणि विनोद मेला. त्याच महिन्यात कंपनीने माफी मागितली, जुने खेळ कॉम्प्युटरवाल्यांसाठी पुन्हा दिले. पुढे तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, नव्यातही बऱ्याच सुधारणा केल्या.

कोपरे घासले जाण्याची ही कथा आपल्याकडेही घडली आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट हा सोंगट्यांचा खेळ. त्यातल्या घरांना नावे होती, सद्गुणांची आणि दुर्गुणांची. खेळताना माणूस आपण कशाने चढलो आणि कशाने घसरलो ते वाचत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात सापशिडी म्हणून नव्याने निघाला, आणि पुढे घरांवर नुसते आकडे उरले. पोरे आजही आनंदाने खेळतात, मी नाही म्हणत नाही. पण आपण का घसरलो, हे त्यांना आता पट सांगत नाही.

सगळेच जीर्णोद्धार फसतात असे मात्र समजू नका. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ चा. महाविद्यालयांच्या वसतिगृहांत त्यावर रात्री जागवलेल्या माझ्या वयाच्या लोकांना त्यातल्या लाकूडतोड्यांचा आवाज अजून ऐकू येत असेल. २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. चित्रे स्वच्छ केली, पण नियमांची घडी तीच ठेवली. जुना खेळाडू बसल्या बसल्या खेळू लागतो. आणि एक गोष्ट त्यांनी इतिहासाच्या शिक्षकाला आवडेल अशी केली. आधी सारा हिंदुस्थान 'इंडियन्स' या एकाच नावाखाली होता. २०२२ मध्ये तो फोडून हिंदुस्थानी, द्रविड, बंगाली, गुर्जर असे चार समाज केले. आमच्या निजामशाहीला त्यात स्वतंत्र जागा नाही, ही माझी तक्रार कायम आहे. हेही पदरचे घालणेच, असे कोणी म्हणेल. पण इथे भर घालताना जुने मोडले नाही, आणि गावोगावची मुले पुन्हा एकमेकांशी खेळू लागली. एकट्याच्या खेळापेक्षा जोडीच्या खेळाला जीर्णोद्धाराचा उपयोग जास्त, असे मला यावरून वाटते. भिडू मिळणे हाच तिथे मुख्य लाभ.

मग जुनेच जपून ठेवावे आणि नवे करूच नये का? तसेही चालणार नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ खेळ आज बाजारात मिळतच नाहीत. यंत्रे गेली, फ्लॉप्या बुरसल्या, कंपन्या बुडाल्या. त्या पहिल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची मूळ लिखावटच मेकनरकडून हरवली होती. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांनी जपून त्या वाचल्या आणि मेकनरने ती लिखावट सगळ्यांना पाहायला खुली केली. आपल्याकडे पोथ्या सापडतात त्या अशाच, माळ्यावरच्या लाकडी पेटीत, उंदरांनी अर्ध्या खाल्लेल्या. तेव्हा ज्या खेळाची जुनी प्रत चालवायला यंत्रच उरले नाही, त्याचा थोडाफार बरावाईट जीर्णोद्धारही मला मोलाचा वाटतो. जिथे जुना खेळ पडत्या किमतीत मिळतो आणि साध्या यंत्रावर चालतो, तिथे दाम मोजण्याआधी दोनदा विचारावे.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याचे यंत्र जुने, कोणीतरी वापरून विकलेले. नवा 'व्हाइस सिटी' त्यावर धापा टाकत चालला असता. त्याने पैसे ठेवून दिले. पुढच्या सत्राच्या पुस्तकांना झाले. त्याऐवजी मी त्याला १९८९ च्या राजपुत्राची ओळख करून दिली. पहिले दोन दिवस तो हसला, "सर, हे काय ठोकळे!" मग चार दिवस दिसला नाही. परवा स्टाफरूमच्या दारात आला. डोळे लाल. म्हणाला, "सर, त्या छायेला मारायला गेलो की मीच मरतो. दहा वेळा झालं. काय करायचं?"

मी सांगितले नाही.