जुन्या गाडीची फिक्स काच का गळते? ती काढून पुन्हा कशी बसवतात?

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत येतात. इथे वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे जुन्या गाडीची काच गळतेय, हे कित्येक महिने कळतच नाही. मग मे २०२५ च्या अखेरीस झाला तसा पाऊस येतो आणि मागच्या सीटखालचं मॅटिंग भिजलेलं सापडतं.

गळती कुठून होते?

अनेक गाड्यांना मागच्या बाजूला न उघडणारी काच असते. जुन्या गाड्यांत ती बहुतेक वेळा रबरात बसवलेली असते, तर नंतरच्या अनेक गाड्यांत पॉलियुरेथेन सीलंटने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. उन्हाने रबर कडक होतं, आकसतं आणि कोपऱ्यात चिरतं. त्याखाली पाणी साचून पत्र्याची कड गंजते. गंज फुगला की रबर आणखी उचललं जातं.

वरून सिलिकॉन लावलं तर?

गळती तात्पुरती थांबते, पण आतलं पाणी आतच अडकतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. त्याने उघडा पत्रा आणखी गंजतो. म्हणून काच काढणं हाच खरा उपाय.

काच कशी काढतात?

आधी पाइपने खालून वर हळूहळू पाणी मारायचं आणि आतून टॉर्चने पाहायचं. कधी कधी दोष काचेचा नसून टपाच्या जोडाचा असतो.

रबर कडक झालं असेल तर ते वाचवत बसू नये. आतली कड ब्लेडने कापावी. मग एकाने आतून कोपऱ्यावर तळहाताने दाब द्यावा, दुसऱ्याने बाहेरून काच धरावी. चिकटवलेली काच मात्र कटिंग वायरने सोडवावी लागते. बाजूची काच बहुधा टफन्ड असते. तिच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर लागला तर क्षणात चुरा होतो. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच.

पुन्हा कशी बसवतात?

जुनं सीलंट आणि गंज पूर्ण खरवडून पत्र्याला प्राइमर आणि रंग द्यावा. तो नीट वाळू द्यावा. घाई होते ती इथेच.

नवं रबर आधी काचेवर चढवतात. त्याच्या आतल्या खाचेत दोरी फिरवून साबणाचं पाणी लावतात. बाहेरून काच दाबत आतून दोरी ओढली की रबराची कड पत्र्यावर चढते. शेवटी रबराच्या फटीत कडक न होणारं सीलंट भरतात.

चिकटवायच्या काचेला पॉलियुरेथेनची सलग, न तुटलेली रेघ लागते. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. बारामतीच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त वेळ लागू शकतो. म्हणून ट्यूबवर दिलेली वेळ पाळावी आणि तोवर गाडी हलवू नये.

एवढा खटाटोप कशासाठी?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि गाडी आरटीओला दाखवावी लागते. या भागात ते काम बारामतीच्या एमएच-४२ कार्यालयात होतं. रबर बदलता येतं, पण कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. त्यामुळे पाण्याची चाचणी पाऊस यायच्या आधीच घ्यावी.