कानातली घरघर आणि दंडावरचं यंत्र

दोन्ही अंगठे कानांत घट्ट घाला आणि मुठी करकचून आवळा. लांबून गाडी येत असावी तशी घरघर ऐकू येईल. आंबिवलीत शेवटची लोकल निघून गेली की ती अगदी स्वच्छ ऐकू येते. हा आवळलेल्या स्नायूंचा आवाज. फिट ओळखणारं, दंडावर बांधायचं जे यंत्र आज निघालं आहे, त्याचं कूळ या घरघरीपर्यंत पोचतं, असं माझं ठाम मत आहे.

पाठ्यपुस्तकांतली वंशावळ वेगळी आहे. १७९१मध्ये गॅल्व्हानीचा विजेनं पाय झटकणारा बेडूक, १८४९मध्ये बर्लिनचा द्यु ब्वा-रेमों. कातडी वीज अडवते म्हणून त्यानं हातावर फोड आणवून वरची साल काढली आणि माणसाच्या स्नायूंतली वीज मोजली. वीज ही या घराण्याची देणगी, यात वाद नाही. पण स्नायूत वीज आहे एवढ्यावर फिट ओळखता येत नाही. पाण्याची बादली उचलतानाही ती असतेच. खरा प्रश्न सेकंदाला हेलकावे किती, हा. तो सोडवण्याचा मान माझ्या लेखी इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वोलॅस्टनचा.

कुणी म्हणेल, इटलीच्या ग्रिमाल्डी या पाद्र्यानं १६६५च्या ग्रंथातच हा आवाज नोंदवला होता. खरं आहे, पण त्यानं तो ऐकला, वोलॅस्टननं मोजला. त्यासाठी त्यानं लंडनच्या फरसबंदीवरून धावणाऱ्या घोडागाडीचा आधार घेतला. दगडाची रुंदी आणि गाडीचा वेग माहीत असला की चाक सेकंदाला किती दगड ओलांडतं ते काढता येतं. तो खडखडाट कानातल्या घरघरीशी ताडून त्यानं १८१०मध्ये छापलं: सेकंदाला साधारण २० ते ३० कंपनं.

आवाज वेगळा आणि वीज वेगळी, हा आक्षेप वजनदार आहे. त्याला माझं उत्तर हेल्महोल्ट्झ. १८६४मध्ये त्यानं याच स्नायूंच्या आवाजावर प्रयोग केले, आणि तो द्यु ब्वा-रेमोंचा मित्र. दोघेही योहानेस म्युलरचे शिष्य. दोन्ही घराण्यांची सोयरीक तिथंच जमली, असं मी धरून चालतो. पुढे १९१२मध्ये जर्मन संशोधक पायपरनं विजेच्या नोंदीतच सेकंदाला हेलकावे किती, हे मोजलं.

१९२९मध्ये जर्मन डॉक्टर बर्गरनं माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख छापला. मोठी फिट आली की डोक्याचे स्नायू आवळतात आणि त्यांच्या रेघांखाली मेंदूच्या लहरी बुजून जातात. त्या रेघा वर्षानुवर्षं कचरा ठरल्या. डेन्मार्कमध्ये इसा कॉनराडसेन आणि शांडोर बेनित्स्की यांनी स्नायूंच्या त्याच नोंदींना कामाला लावलं. २०१२ची त्यांची पद्धत अशी: मंद लहरी गाळायच्या आणि उरलेली रेघ शून्यरेषा किती वेळा ओलांडते ते मोजायचं. दगड ओलांडणारं चाक काय, शून्य ओलांडणारी रेघ काय, मोजणी तीच. २०१७मध्ये अमेरिकेत दंडावरच्या अशा एका यंत्राला सरकारी मंजुरीही मिळाली.

स्नायूंच्या या नोंदीत फिटेची चाल दिसते. आधी अंग ताठ, मग झटके. सुरुवातीला दाट, नंतर विरळ. दोन झटक्यांमधली शांतता वाढत जाते. मानसिक कारणानं येणाऱ्या, फिटेसारख्याच दिसणाऱ्या झटक्यांत वेग सहसा असा क्रमानं मंदावत नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून १९९९मध्ये अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, वगळला गेला. फलाटावर कुणाला फिट आली की कांदा आणि चप्पल शोधणारे हात मात्र अजून आहेत. त्या हातांना दुसरं काम द्या. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. झटके पाच मिनिटांवर गेले तर लगेच रुग्णालय गाठा. जवळच्या दुसऱ्या कुणीतरी हातपाय दिसतील असा व्हिडिओ काढावा, आणि झटके पुरते थांबेपर्यंत काढावा. शेवटी ते कसे विरळ होत गेले, हे डॉक्टरांना निदानासाठी हवं असतं.