साथ नेमकी कोण कोणाला करत होते?

आजचा धागा पियानोवादकांविषयी. पण मैफलीच्या जाहिरातीत ज्यांचे नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत छापले जाई, त्यांच्याविषयी.

आरंभ पॅरिसमधून. १७७८ मध्ये तेथे बावीस वर्षांच्या मोझार्टच्या सहा सोनाटा प्रसिद्ध झाल्या. मुखपृष्ठावरील मजकुराचा अर्थ असा : हार्प्सिकॉर्ड किंवा पियानोसाठी सोनाटा, व्हायोलिनच्या साथीसह. होय, साथ व्हायोलिनची! त्या काळी हीच रूढी होती. पुढे बेथोव्हेनने दोन्ही वाद्ये तोलामोलाची केली, तरी १८०५ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘क्रॉयट्झर’ सोनाटावर पियानोचेच नाव आधी आहे.

मग हे पारडे फिरले कसे? माझ्या मते, तिकीटबारीमुळे. १८२८ मध्ये व्हिएन्ना आणि १८३१ मध्ये पॅरिस पागानिनीने अक्षरशः वेडे केले. पैसे मोजून येणाऱ्या श्रोत्यांना एकच नायक हवा होता. नायक उभा राहून वाजवी. बसलेला माणूस आपोआप ‘साथीदार’ ठरला. (आपल्याकडील पेटीवादकांना हे निराळे सांगायला नको.)

या ‘दुय्यम’ कामाचे स्वरूप पाहा. १८५३ मध्ये जर्मनीतील सेले गावी रेमेन्यी या व्हायोलिनवादकाची मैफल होती. तेथील पियानो अर्धा स्वर उतरलेला निघाला. साथीला जेमतेम वीस वर्षांचा तरुण होता. त्याने बेथोव्हेनची सी मायनरमधील अख्खी सोनाटा अर्धा स्वर चढवून, तीही स्मरणातून वाजवली. त्या तरुणाचे नाव योहानेस ब्राम्स.

गीतांमध्ये तर पियानो स्वतःच एक पात्र असतो. शूबर्टचे ‘एर्लक्योनिग’ (१८१५) घ्या. आजारी मुलाला कवेत घेऊन बाप रात्री घोडा पिटाळत आहे. निवेदक, बाप, मुलगा आणि पिशाच्चराजा हे चौघेही एकाच गायकाच्या कंठातून बोलतात. घोडा मात्र पियानोवादकाच्या उजव्या हातात दौडतो. एकाच स्वराचे जलद त्रिक, जवळजवळ चार मिनिटे, मनगट भरून येईपर्यंत. हे इतके अवघड, की शूबर्टने एका आवृत्तीत ते सोपे करून ठेवले. आणि शेवटी ती टाप थांबते, तेव्हा मुलाचे काय झाले हे शब्दांआधीच श्रोत्याला कळते.

या उपेक्षेविरुद्ध सर्वांत मिस्कीलपणे लढला तो इंग्लंडचा जेराल्ड मूर (१८९९–१९८७). त्याने आयुष्यभर साथच केली आणि तिची लाज बाळगली नाही. १९४३ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘निर्लज्ज साथीदार’ असा होतो! १९६२ च्या आत्मचरित्राला त्याने शीर्षक दिले : ‘माझा आवाज फार मोठा होतोय का?’ साथीदाराने गायकाला जन्मभर विचारायचा प्रश्न.

२० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मूरचा निरोपाचा कार्यक्रम झाला. एलिझाबेथ श्वार्त्सकोफ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि डीट्रिश फिशर-डीस्काऊ हे तीन दिग्गज गायक त्या रात्री त्याच्यासाठी गायले. सर्वांत शेवटी मूर पियानोपाशी एकटाच बसला आणि शूबर्टचे ‘आन दी मुझीक’, म्हणजे ‘संगीतास’, हे गीत त्याने गायकाविना वाजवले.