डिस्पोजलचा माल

आमच्या बेळगाव भागात ‘डिस्पोजल’ हा शब्द जुन्या माणसांना इंग्रजी वाटतच नाही. डिस्पोजलची ताडपत्री, डिस्पोजलचं कंबळ, डिस्पोजलची ट्रंक. कंग्राळीसारख्या कॅम्पाच्या शेजारच्या गावात हा शब्द पुष्कळांच्या कानावरून गेलाय. पण त्याच्या मागोमाग एक टोमणाही येतो, ‘कॅम्पातला माल होय? मग कुठनं आला ते विचारू नका!’ सगळे हसतात, विषय संपतो. मला मात्र ते हसणं खटकतं. तो माल बाहेर कसा आला, याचा एक रीतसर इतिहास आहे, आणि तो आपल्या घरांतल्या माणसांना माहीत असायला हवा.

१९३९ साली हिंदुस्थानी फौज जेमतेम दोन लाखांची. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या वर गेली. मराठा पलटणीचं शिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात, त्यामुळं युद्ध आपल्याकडं लांबचं राहिलंच नाही. आपल्या मुलखातली पोरं आफ्रिकेत, इटलीत जाऊन लढली. सांबऱ्याची विमानाची धावपट्टी त्याच काळातली. आता हिशोब करा. एका शिपायाला दोन कंबळं, बूट, पाण्याची बाटली, मग, जेवणाचा डबा म्हटलं तरी पंचवीस लाखांना किती? त्यावर तंबू, ट्रक, जीप, तारा, टायर वेगळेच. युद्ध संपलं, माणसं घरी आली. माल गुदामात राहिला.

त्यात भर पडली अमेरिकन मालाची. इथल्या तळांवरचा त्यांचा बराच माल परत न्यायला परवडणारा नव्हता. १९४६ च्या करारानं तो इथंच राहिला. एवढ्या मालाची विल्हेवाट लावायला सरकारचं स्वतंत्र डिस्पोजल खातं होतं. प्रजासत्ताक आल्यावर, १९५१ साली, खरेदी आणि विल्हेवाट एकाच छताखाली आली आणि ‘पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय’ उभं राहिलं. ते थेट २०१७ पर्यंत चाललं.

पद्धत अशी. लष्करानं आधी माल जादा किंवा निकामी ठरवायचा. मग दुसऱ्या सरकारी खात्याला तो हवा का ते बघायचं. कुणालाच नको असेल तर टेंडर नाहीतर लिलाव. मालाचे ढीग लावायचे, प्रत्येकाला नंबर, ‘जसा आहे तसा’ घ्यायचा. बयाणा भरायचा, उरलेली रक्कम मुदतीत द्यायची आणि माल उचलायचा.

हा धंदा काही फुकटचा नव्हता. बंगालात पानागढच्या तळावरचं विमानांचं भंगार टाटा एअरक्राफ्ट कंपनीकडं विक्रीला होतं. १९४६ साली एका कापड गिरणीनं ते दहा लाखांना ठरवलं, अडीच लाख बयाणा दिला. उरलेले पैसे काही भरले नाहीत. सौदा मोडला, बयाणा बुडाला. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ साली निकाल लागला, बयाणा जप्त केला ते बरोबरच. म्हणजे बघा, भंगाराच्या एका ढिगावर वीसहून जास्त वर्षं गेली.

आणि भंगार म्हणजे तरी काय? कानपूरजवळ चकेरीला लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमानं पडून होती. पुन्हा उडू नयेत म्हणून जातानाच त्यांची मोडतोड केलेली. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यातली बेचाळीसच्या आसपास उभी केली. हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली! कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित राहिले, त्याचं उल्हासनगर झालं. आपण लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरच्या गांधीनगरला जातो ना? तेही असंच. वळिवड्याला युद्धकाळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांसाठी छावणी होती. १९४८ ला ती रिकामी झाली आणि तिथं सिंधी कुटुंबं आली.

खेड्यांत आला तो यातला बारका माल, तोही व्यापाऱ्यांच्या दोन-तीन हातांतनं. आपल्याकडचा पाऊस म्हणजे पाऊस. ताडपत्री गवताच्या गंजीवर, नाहीतर मळणीच्या भातावर. जरीकॅनमध्ये रॉकेल. जुन्या टायरची पायताणं. मोटारीचा जुना आस आणि चाकं बैलगाडीला, म्हणजे बैलांच्या मानेवरचा भार तेवढाच हलका. नवं घ्यायची ऐपत नसलेल्या घरांनी दाम मोजून घेतलेल्या वस्तू आहेत या. चोऱ्या झाल्याच नसतील असं मी म्हणत नाही. गुदाम आलं की उंदीर आलाच. पण त्यापायी सगळ्यांना एका मापानं मोजू नये.

आणखी एक फरक आहे, तो जास्त महत्त्वाचा. घरात दोन ट्रंका असतील तर एक बाजारातनं घेतलेली असेल आणि दुसरी नोकरी करून आलेल्या माणसाची. त्या दुसरीवर रंगानं लिहिलेला नंबर असतो, नाव असतं. आत डिस्चार्जचं पुस्तक, पदकं, एखादा गट फोटो. तो माल लिलावाचा नव्हे, ती त्या माणसाच्या अंगमेहनतीची कमाई. आज घरं पाडून नवी बांधताना दोन्ही ट्रंका एकाच भंगारवाल्याच्या गाड्यावर चढतात, किलोच्या भावानं. पदकंसुद्धा गेलेली आहेत.

सरकारनं जादा माल विकायच्या आधी निदान यादी केली होती. आपणही तेवढं करूया. माळ्यावरची ट्रंक काढायच्या आधी उघडून बघा, नंबर उतरवून घ्या, कागदांचे फोटो काढा आणि घरात कुणी जाणतं माणूस असेल तर त्याला विचारा, ही कुणाची. ट्रंक गेली तर जाऊ दे. नाव राहायला पाहिजे.